एडिसनहून दादाला

एडिसन, न्यू जर्सी

ती. दादा व सौ. वहिनी यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "बी.कॉम. झालेली बाई परत दोन वर्षांचं कॉलेज कशाला करते?" आणि त्याच दमात तुझ्या लेकीचं, मुक्ताचंही सांगितलंस. तिला मिरजेच्या तंत्रनिकेतनात डिप्लोमाला जायचंय आणि तू मात्र तिला लातूरला धाडून अकरावी सायन्स आणि मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा क्लास लावायच्या विचारात आहेस. दोन्ही गोष्टींवर मला एकच सांगायचंय, पण फोनवर सगळी मंडळी भोवती असताना ते जमलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मी जाते ते मिडलसेक्स कॉलेज. मिडलसेक्स ही आमची काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समज. कॉलेज काउंटीनं १९६४ साली काढलं. त्याआधी या जागेवर सैन्याचा दारूगोळ्याचा डेपो होता, पहिल्या महायुद्धापासूनचा. अशी दोन वर्षांची कॉलेजं या देशात गावोगाव आहेत, त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. त्यातलं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएटला निघालं. पुढे दुसरं महायुद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना सरकारनं शिक्षणाचा खर्च दिला, आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं शिफारस केली की घरापासून जाऊन-येऊन शिकता येईल असं कॉलेज प्रत्येकाच्या आवाक्यात हवं. एकट्या न्यू जर्सीत आज अशी १८ कॉलेजं आहेत.

इथे कट-ऑफ नाही की प्रवेशाच्या याद्या नाहीत. हायस्कूल झालेलं कुणीही यावं. गणित किंवा इंग्रजी कच्चं असेल तर आधी तेवढं पक्कं करून घेतात. वर्ग सकाळी असतात, रात्रीही असतात. माझ्या शेजारी बसणारी एक अठरा वर्षांची पोर आहे, आणि पलीकडे गोदामात रात्रपाळी करून आलेला, दोन मुलांचा बाप. इतिहासाच्या तासाला एक आजोबा येत, केवळ शिकायचं राहिलं होतं म्हणून.

दोन वर्षांत साधारण ६० क्रेडिट पुरे केले की असोसिएट डिग्री मिळते. तिचे मुख्य दोन मार्ग. ज्याला पुढे विद्यापीठात जायचंय तो असोसिएट इन आर्ट्स किंवा असोसिएट इन सायन्स करतो. न्यू जर्सीत कायद्यानंच ठरवून दिलंय की ही डिग्री घेऊन आलेल्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर त्याची दोन वर्षं वाया जाता कामा नयेत, तो थेट तिसऱ्या वर्षाला बसला पाहिजे. आपल्याकडे डिप्लोमावाले इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जातात, साधारण तसंच. आमच्या इथून बरीच मुलं पुढे रटगर्सला, म्हणजे राज्याच्या सरकारी विद्यापीठाला जातात. निम्मं शिक्षण काउंटीच्या फीमध्ये होतं, राहायचं घरी.

दुसरा मार्ग असोसिएट इन अप्लाइड सायन्सचा. तो थेट कामाला लावणारा. नर्सिंग, एक्स-रे, गाड्यांची दुरुस्ती, लॅब टेक्निशियन असले विषय यात येतात. माझा विषय डेंटल हायजीन, म्हणजे दात साफ करणं आणि हिरड्या तपासणं. या डिग्रीचे सगळे क्रेडिट विद्यापीठ धरेलच असं नाही, हे मला पहिल्याच भेटीत समुपदेशक बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मला ते चाललं, कारण मला काम हवं होतं. इतकी वर्षं व्हिसामुळे घरात बसून काढली. ग्रीन कार्ड आल्यावर पहिला विचार मनात आला तो हाच, की आता हाताला काहीतरी यायला हवं.

कॉलेज सगळ्यांना खुलं असलं तरी या विषयाच्या जागा मोजक्याच असतात. क्लिनिकमध्ये पाच विद्यार्थ्यांमागे किमान एक शिक्षक हवाच, हा मान्यता देणाऱ्या संस्थेचा नियम आहे. त्यामुळे आधी शरीरशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र चांगल्या गुणांनी पास व्हावं लागतं, मग अर्ज. कॉमर्सवालीला ते किती जड गेलं असेल याची वहिनी, तुम्हाला कल्पना येईल. तुम्हीच मला बारावीला अकाउंट्स शिकवलंय.

सुरुवातीला माणसाच्या तोंडाला हात लावू देत नाहीत. खुर्चीच्या डोक्याच्या जागी पुतळ्याचं डोकं बसवलेलं असतं, त्यात प्लास्टिकचे दात. हत्यार पेनसारखं धरायचं, करंगळीजवळचं बोट शेजारच्या दातावर टेकवायचं, आणि जोर मनगटातून द्यायचा. टेकू सुटला की हात घसरतो आणि हिरडी फाटते. दादा, तू नव्या गड्याला द्राक्षाची छाटणी शिकवताना त्याचा हात धरून कात्रीचा कोन दाखवतोस ना, आमच्या मॅडम तश्शाच मागे उभ्या राहून माझं मनगट वळवतात. पुस्तकात हा कोन अंशात दिलेला आहे, पण हाताला तो कळायला एक अख्खं सेमिस्टर गेलं.

आता आम्ही खऱ्या माणसांवर काम करतो. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये आसपासचे लोक अगदी कमी पैशांत दात साफ करून घ्यायला येतात. ज्यांचा विमा नाही असे बरेच. एक बारीक सळई असते, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद उतरवून खोली मोजायची, एकेका दाताला सहा ठिकाणी. मी मोठ्यानं आकडे सांगते, जोडीदार लिहून घेते. दोन, तीन, दोन आले की बरं वाटतं. पाच, सहा यायला लागले आणि सोबत रक्त आलं, की आत किटण बसून हाड झिजायला लागलंय हे समजतं. पेशंटला काहीच दुखत नसतं, आणि तेच जास्त वाईट.

या कामाची सुरुवातही मला फार भावली. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टमध्ये फोन्स नावाचे एक दंतवैद्य होते. त्यांनी १९०६ मध्ये आपल्याच दवाखान्यातल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये पहिला वर्ग काढला. त्यातून तयार झालेल्या बायका गावच्या सरकारी शाळांमध्ये गेल्या आणि गोरगरिबांच्या मुलांचे दात साफ करू लागल्या, त्यांना ब्रश धरायला शिकवू लागल्या. आधी शिकवलं, आणि शिकवलेलं लगेच गावाच्या उपयोगी पडलं. आमचं क्लिनिक आजही तेच करतं.

डिग्रीनंतर देशपातळीवरची ३५० प्रश्नांची लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग राज्याचा परवाना. पगाराचं तू विचारशीलच म्हणून सांगते: सरकारी आकडेवारीत २०२४ मध्ये या कामाचा मधला पगार वर्षाला ९४ हजार डॉलरच्या घरात होता. चार वर्षांची डिग्री घेऊनही इतकं न कमावणारे इथे पुष्कळ आहेत.

सगळं गोड आहे असं मात्र समजू नकोस. अशा कॉलेजांमध्ये दाखल होणाऱ्यांतले बरेचजण डिग्रीपर्यंत पोचत नाहीत. बुद्धी नसते असं नाही. गाडी बंद पडते, पोर आजारी पडतं, कामाची पाळी बदलते आणि तास बुडतात. न्यूयॉर्क शहरानं २००७ मध्ये यावर एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याला बस-रेल्वेचा पास, पुस्तकांना पैसे आणि वारंवार भेटणारा स्वतःचा समुपदेशक दिला. पुढे नीट अभ्यास करून पाहिलं तर तीन वर्षांत डिग्री पुरी करणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ दुप्पट झालेलं दिसलं. मी हे वाचलं तेव्हा गावाकडच्या, एसटीचा पास संपला म्हणून कॉलेज सोडलेल्या मुली डोळ्यांसमोर आल्या.

खर्चाचं थोडक्यात. काउंटीतल्या रहिवाशाला फी कमी, बाहेरच्याला जास्त. ज्या घराचं उत्पन्न ६५ हजार डॉलरच्या आत आहे, त्यांची फी राज्य भरतं. केंद्राची पेल ग्रँट वेगळी, ती परत फेडावी लागत नाही. आमचं उत्पन्न जास्त म्हणून आम्ही पूर्ण फी भरतो. शेजारच्या काकांनी त्यांच्या मुलाला इथे पाठवायचं विचारलंय, त्यांना सांग की परदेशी विद्यार्थ्याला हे काही मिळत नाही. ही कॉलेजं इथल्या माणसांसाठी आहेत. बाग गहाण टाकून पोराला इथे धाडू नका.

आता मुक्ताचं. दादा, तुला वाटतं की डिप्लोमा म्हणजे हुशार पोरीनं एक पायरी खाली उतरणं. मी इथे रोज जे बघते त्यावरून तुला कळकळीनं सांगते, तसं नाही. तिला सिव्हिल घ्यायचंय, तिनं माहितीपुस्तिका वाचलीय, मिरज घरापासून जाऊन-येऊन करण्यासारखं आहे. तीन वर्षांत ती लेव्हल लावायला, इस्टिमेट काढायला शिकेल. पुढे इंजिनीअरिंग करावंसं वाटलं तर दार उघडंच आहे. लातूरला दोन वर्षं कॉटबेसिसवर राहून तिला नको असलेल्या परीक्षेसाठी झुरत बसण्यात काय आहे? तिची इच्छा नसती तर मी बोलले नसते. अर्ज भरायची मुदत बघ आणि तिला स्वतः घेऊन जा, तिला एकटीला पाठवू नकोस. तू सोबत गेलास तर तिला कळेल की बाबांच्या मनात किंतू नाही.

आणि काकूंची मिश्री. गेल्या वेळी आले तेव्हा त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढुरकं दिसलं होतं, तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं. आता आम्ही प्रत्येक पेशंटची जीभ बाहेर काढून तिच्या कडा, जिभेखालची जागा, गाल आतून, सगळं बघतो. तंबाखू ठेवतात त्या जागी असा चट्टा असेल आणि बोटानं पुसून जात नसेल तर डॉक्टरला दाखवायलाच हवा. घाबरवू नकोस त्यांना. पण या आठवड्यात सांगलीच्या डेंटल कॉलेजात घेऊन जा, ओपीडी सकाळची असते. चट्टा जिथे आहे त्याचा फोटो काढून मला पाठव, आणि डॉक्टरांनी तुकडा तपासायला घ्यायचं म्हटलं तर नाही म्हणू नका.

आईच्या गुडघ्यांचं कळव. थोरांना नमस्कार, मुक्ताला आणि धाकट्याला आशीर्वाद.

तुझी,
सुमन