किल्ल्या हाती आल्या म्हणजे घर आपले होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुले नोकरीधंद्यासाठी पुण्या-बेंगळुरूला गेली आणि आईवडिलांच्या पश्चात बेळगाव, खानापूर, निपाणीतील घरे कुलूपबंद राहिली, असे आता गल्लोगल्ली दिसते. शहापुरातील आमचे घर त्यांपैकीच एक. वडिलांनी आपल्या कमाईचे ते घर मृत्युपत्राने आम्हा तिघा भावंडांना सारखे दिले आणि व्यवस्थापक म्हणून माझे, म्हणजे गावातच सासर असलेल्या मुलीचे, नाव घातले. किल्ल्या माझ्याकडे आल्या मात्र, ‘घर हिनेच घेतले’ अशी कुजबुज नात्यात सुरू झाली.

वास्तविक भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे अशा व्यवस्थापकाकडे मालमत्ता येते ती सांभाळण्यापुरती. अंत्यविधीचा खर्च व देणी भागवून उरलेले मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे त्याने ज्याचे त्याला द्यायचे असते. ही जबाबदारी सुरुवातीलाच नाकारताही येते, हे मला कोणी सांगितले नाही; सांगितले असते तर कदाचित नाकारलीही असती. मी पहिल्या दिवसापासून वही घातली आणि थकलेली घरपट्टी, वीजबिल, पावसाळ्यापूर्वी बदललेली कौले, साऱ्यांच्या पावत्या तीत चिकटवल्या. दादाचा आवाज खाली आला तो त्या वहीमुळे, माझ्या समजावण्याने नव्हे.

खरा त्रास झाला तो घराची वारसा नोंद करताना, कागदांचा. मृत्युपत्र मराठीत, उतारा कन्नडमध्ये आणि दोहोंत वडिलांचे नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले. मृत्युपत्र कोणत्याही भाषेत चालते, त्याची नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. तरीही संबंधित कार्यालयाने आधी कन्नड भाषांतर, मग नावाबाबत प्रतिज्ञापत्र आणि शेवटी दोन्ही भावांची लेखी संमती मागितली, आणि तीही एकेका खेपेला एकेक. आमच्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्र खरे असल्याचा दाखला, सक्तीचे नाही, पण एका भावाने जरी हरकत घेतली असती तरी प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले असते.

म्हणून मृत्युपत्र करणाऱ्या वडीलधाऱ्यांना विनंती की, सिटी सर्व्हे क्रमांक त्यात लिहावा, उताऱ्यावरील नावाची दुरुस्ती हयातीतच करून घ्यावी आणि व्यवस्थापक कोण, हे सर्व मुलांना एकत्र बसवून सांगावे. कार्यालयांनीही वारसा नोंदीसाठी लागणाऱ्या कागदांची संपूर्ण यादी कन्नडबरोबर मराठीतही दर्शनी भागात लावावी, म्हणजे निदान पाच खेपांचे काम दोन खेपांत होईल.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव