चि. मृण्मयीस, ट्रक ताब्यात घेण्याआधी

॥ श्री ॥

कऱ्हाड, २४ ऑगस्ट २०२५

चि. मृण्मयी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन तू रागानं ठेवलास, ते कळलं मला. "आई, मी सत्तावीस वर्षांची आहे" म्हणालीस, तेही खरंच आहे. बाबा म्हणाले, चार दिवस जाऊ देत, मग बोल. पण बुधवारी गणपती बसतील, दादा-वहिनी येतील, आणि मग तुझी घर बदलायची एक तारीख उजाडेल. म्हणून लिहायला बसले. ट्रकच्या विम्याबद्दल दोनच ओळी लिहायच्या असं ठरवलंय.

पहिल्यांदा हे सांगते की मला तुझा फार अभिमान वाटतो. मी चौतिसाव्या वर्षी लूना शिकले, तीही बाबा मागून धावत असताना. आणि तू पंधरा फुटी ट्रक स्वतः चालवत बॉस्टनच्या ऑल्स्टनहून मॉल्डनला घर नेणार. कुलकर्णी काकूंनी मला दोनदा विचारलं, "ट्रक? स्वतः?" मी दोन्ही वेळा मान ताठ ठेवून हो म्हणाले.

आता दोन ओळी. तू ट्रक बुक करताना ट्रक कंपनीचं संरक्षण नको म्हणून खूण केलीस आणि चाळीस डॉलर वाचवलेस. कारण दिलंस की गाडीची पॉलिसी आहे आणि क्रेडिट कार्डवरही मिळतं. कार्डाचं माहितीपत्रक उघड आणि अपवादांचं पान वाच. भाड्याच्या मोटारीला ते लागू असतं, पण मालवाहू ट्रक बहुतेक कार्डं सरळ वगळतात. आणि तुझ्या टोयोटाची पॉलिसी टोयोटा बघून लिहिलेली आहे. भाड्यानं घेतलेली मोटार, पिकअप किंवा लहान व्हॅन तिच्यात बसते. मोठा ट्रक पुष्कळदा वजनावर अडतो. एजंटला फोन करून दोन प्रश्न वेगवेगळे विचार. माझ्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरता का, आणि खुद्द ट्रकचं झालं तर भरता का? पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असं उत्तर येऊ शकतं. आणि ते ईमेलवर लिहून माग. एकतीस वर्षं मोटार क्लेमच्या टेबलावर बसले आहे मी. नकाराचं पत्र पॉलिसीच्या पहिल्या पानावरून कधी निघत नाही, ते मागच्या पानावरून निघतं.

झाल्या दोन ओळी. कधीच झाल्या, मला कळतंय.

पण उंचीचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. पंधरा फूट ही डब्याची लांबी. उंची अकरा-बारा फुटांच्या आसपास असते. तुझ्या घरापासून नदीकाठानं जाणाऱ्या स्टोरो ड्राइव्हवरचे काही पूल दहा फुटांचे आहेत. ट्रकला तिथे बंदीच आहे, तसे फलक आहेत, तरी दरवर्षी एक सप्टेंबरच्या सुमाराला कुणीतरी ट्रकचं छप्पर तिथे सोलून घेतंच. अर्ध्या शहराचे भाडेकरार त्याच दिवशी बदलतात आणि मोटारीखेरीज काही न चालवलेली मुलं ट्रकमध्ये बसतात. तुमच्याकडे त्याला 'स्टोरोड' असं क्रियापदच झालंय म्हणे. तुझ्या फोनमधला नकाशा तू मोटारीत आहेस असंच समजतो. तो तुला स्टोरोवरूनच नेईल.

आणि मृणू, जे स्वस्तातलं संरक्षण असतं ना, त्यात नेमकं वरून लागलेलं, म्हणजे छपराचं नुकसान बऱ्याचदा वगळलेलं असतं. हे संरक्षण म्हणजे डॅमेज वेव्हर, तो मुळात विमा नव्हेच. ट्रक कंपनी म्हणते, आम्ही तुझ्याकडून भरपाई मागणार नाही, अमुक-अमुक सोडून. ते अमुक-अमुक वाच. वरच्या दर्जाचं घे, ज्यात छप्परही येतं आणि दुसऱ्याच्या नुकसानीची रक्कमही मोठी असते. आपल्याकडे ट्रकनं कुणाला ठोकलं तर कोर्ट मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला उभं करतं. तिथे अमेरिकेत २००५ साली कायद्यात ग्रेव्हज दुरुस्ती आली आणि भाड्यानं गाडी देणारा, त्याची स्वतःची चूक नसेल तर, बाजूला झाला. मग राहतो चालवणारा. तुमच्या राज्यानं या जुलैपासून सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा वाढवली आहे, एका माणसाच्या इजेला २५,००० डॉलर आणि मालमत्तेला ३०,०००. तेवढ्यात तिथल्या हॉस्पिटलचं काय भागणार, सांग. तुझ्या पॉलिसीवर काय आकडा आहे?

रागावू नकोस. मी भाषण द्यायला लागले, माफ कर. तू शहाणी आहेस. तू शहाणी आहेस हे मला ठाऊक असूनही मी एवढं का लावून धरते, ते मी तुला कधी सांगितलं नाही. दादालाही नाही.

बाबांचा पाय जिना चढताना ओढतो, तो टेम्पोच्या अपघातामुळे, एवढं तुम्हांला माहीत आहे. मे १९९३. माझी पुण्याहून कऱ्हाडला बदली झाली. मामानं ओळखीचा टेम्पो आणला. मी दादाला घेऊन एसटीनं पुढे निघाले. बाबाही एसटीनंच येणार होते. मीच म्हणाले, "तुम्ही टेम्पोत बसा, आजींच्या बरण्या आहेत, सामानाजवळ घरचं माणूस हवं." खंबाटकीच्या घाटात वळणावर टेम्पो कलंडला.

रोज ऑफिसात मी लोकांना विचारायची, पॉलिसी कसली, कधी संपते, मूळ प्रत दाखवा. आणि माझं घर, माझा नवरा ज्या टेम्पोत घातला त्याचे कागद मी मागितले नाहीत. मामाला वाईट वाटेल म्हणून. टेम्पोला नुसती ॲक्ट पॉलिसी होती, म्हणजे कायद्यानं सक्तीची तेवढीच. सामान त्यात येतच नाही. आणि केबिनमध्ये बसलेला सामानाचा मालक म्हणजे थर्ड पार्टी नव्हे, असं पत्र आलं. पत्र दुसऱ्या कंपनीचं होतं, पण ते वाक्य मी स्वतः कितीदा टाइप केलेलं होतं. सामानाच्या मालकाला कायद्यानं संरक्षण मिळालं ते १४ नोव्हेंबर १९९४ पासून. बाबांचा अपघात त्याच्या दीड वर्ष आधीचा. टेम्पोवाल्याकडे तो एकच टेम्पो, त्याच्याकडे काय मागणार? तुझ्या आजीच्या पाटल्या गेल्या त्या ऑपरेशनला. बाबांनी मला आजवर एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं.

त्या बरण्यांतली एक वाचली. तुझ्या लोणच्याची तीच.

तर ते चाळीस डॉलर मी देते. दादाकडून पाठवते. हे पैशाचं नाही हे तुलाही माहीत आहे, तरी घे. आणि तुझा तो मित्र, सोहम, "थोडं मी चालवतो" म्हणाला तर त्याचं नाव करारात घातल्याशिवाय किल्ली देऊ नकोस. नाव नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं की सगळं संरक्षण कोसळतं. काचेचं सामान टॉवेलात गुंडाळ. डब्यात घसरून फुटलं तर त्याचे पैसे कुणी देत नाही.

एक तारखेला इथे गौरीपूजन आहे. तू सकाळी आठला निघशील तेव्हा इथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. मी फोन करणार नाही, चालवताना वाजायला नको. मॉल्डनला पोचलीस की नुसता एक मेसेज टाक. बाबांना या पत्राबद्दल बोलू नकोस.

तुझी,
आई

ता. क. ट्रकची उंची आत ड्रायव्हरसमोर लिहिलेली असते. ताब्यात घेतलास की आधी तिचा फोटो काढून मला पाठव. मग स्टोरो सोडून दुसरा कुठला रस्ता घेणार आहेस, तेही लिही.