पेटीबाहेरच्या मधमाशीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाल्यापासून सातारा जिल्ह्यात मधपेट्या, अनुदान आणि मधविक्री यांविषयी बरेच बोलले जाते. ते योग्यच आहे. मात्र या साऱ्यात पेटीत न राहणारी माशी विसरली गेली आहे. सातेरी माशी ढोलीत शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणूनच ती पेटीत नांदते. आग्या आणि फुलोरी माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात व त्यांना पेटीत पाळता येत नाही. आग्या तर हंगामानुसार स्थलांतर करते, कडेकपारी, जुने वड किंवा पाण्याची टाकी अशा ठरलेल्या जागी पुन्हा येते आणि चांदण्या रात्रीही फुलांवर जाते.

शेतकऱ्याला या माश्यांपासून मधापेक्षा पिकातच अधिक मिळते. स्ट्रॉबेरीवर दिसणारे बारीक दाणे ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तिची खरी फळे असून, ज्या दाण्यांचे परागीभवन होत नाही त्यांच्याभोवतीचा गर फुगत नाही आणि फळ वेडेवाकडे होते. असा माल प्रतवारीत बाजूला पडतो आणि दोष मात्र रोपाला किंवा खताला दिला जातो. काकडी, दोडका, भोपळा यांची नर व मादी फुले वेगळी असल्याने तेथे माशीवाचून फळधारणाच अवघड होते. कांद्याचे बियाणे आणि डाळिंब यांनाही तिचा मोठा आधार आहे. उसाला तिची गरज नाही हे खरे. परंतु सलग उसाच्या शिवारात तिला खायलाही काही उरत नाही, आणि मग तिची सारी भिस्त डोंगरातल्या जांभूळ, हिरडा व काही वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीवर राहते. त्याच डोंगरांना दर उन्हाळ्यात वणवे लावले जातात.

सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे आग्या मोहोळ रात्री पलिता लावून जाळण्याची रीत. मध पोळ्याच्या वरच्या जाड भागात असतो. जाणकार माणूस संरक्षक पोशाख घालून तेवढाच भाग कापतो आणि अंडी-अळ्यांचा भाग शाबूत ठेवतो. जाळल्यावर मात्र वसाहतच संपते. आग्याचा दंश जिवावर बेतू शकतो, त्यामुळे शाळेजवळचे मोहोळ प्रशिक्षित व्यक्तीकडून हलवणे समजू शकते. पण गावाबाहेरच्या वडावरचे मोहोळ कोणाच्या वाटेत येते?

ग्रामसभांनी मोहोळ जाळण्यास मनाई करणारे ठराव करावेत, रस्ता रुंदीकरणात वड-पिंपळ तोडण्यापूर्वी त्यांवरील मोहोळांची नोंद घ्यावी आणि कृषी विभागाने फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणी टाळण्याचा, अगदीच गरज पडल्यास ती सूर्यास्तानंतर करण्याचा सल्ला गावोगावच्या फलकांवर लावावा. महाबळेश्वर येथील मध संचालनालयाने पेटीपालनाच्या प्रशिक्षणातच मोहोळ न जाळता मध काढण्याचे प्रात्यक्षिकही द्यावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, वाई (जि. सातारा)