तुझ्या खोलीची कडी

खानापूर,
दि. २७ ऑक्टोबर २०२१

चि. मृणाल हिस आईचे अनेक आशीर्वाद.

कोल्हापूरच्या गाडीच्या पायरीवर चढताना, मागे न वळता तू म्हणालीस, "तिथे माझ्या खोलीला कडी असेल." बाबांना ते ऐकू गेले नाही, मला गेले. त्याला आठ दिवस झाले. तुझा फोन रोज दादाला येतो, मला येत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. त्या कडीविषयी एकदाच नीट लिहायचे आणि पुन्हा तो विषय काढायचा नाही, असे ठरवले आहे.

मे महिन्यात ती कडी मीच काढली. तू आंघोळीला खाली उतरलीस, तेव्हा शिवणयंत्राच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी माळ्यावर गेले आणि चारही स्क्रू काढले. निपाणीच्या आत्या जाऊन नऊ दिवस झाले होते. लॉकडाऊनमुळे आपल्यापैकी कोणालाच जाता आले नव्हते, त्यांचे शेवटचे दर्शनही आपण फोनवर घेतले होते, आणि ज्या आत्यांच्या कुशीत तू पाच वर्षांची होईपर्यंत झोपलीस, त्यांच्यासाठी तुझ्या डोळ्यांतून टिपूस आले नव्हते. मी विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "आई, मला काहीच वाटत नाही. वाईटसुद्धा वाटत नाही." रडणाऱ्या मुलाला कसे जवळ घ्यायचे हे शिक्षिकेच्या बावीस वर्षांच्या नोकरीत मला कळले आहे, पण काहीच वाटत नाही म्हणणाऱ्या पोटच्या मुलीपुढे काय करायचे, हे मला ठाऊक नव्हते. त्यात तू रात्र रात्र जागी असायचीस, दिवसा दार आतून लावून घ्यायचीस आणि दाराशी ठेवलेले ताट तसेच परत यायचे. मला त्या बंद दाराची भीती वाटली. कशाची भीती, ते कागदावर उतरवण्याचे धैर्य आजही मला नाही, पण तुला ते कळले असणार.

तुझ्या खोलीतली सोबतीण रात्री तिथेच असते ना? शनिवार-रविवार ती गावी जाते का?

माझी खरी चूक कडी काढण्याच्या नंतरची आहे. जूनच्या सुरुवातीला तुमची पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा रद्द झाली आणि सगळे तुला नशीबवान म्हणू लागले, मीही म्हणाले. नेटवर्कसाठी माळ्याच्या खिडकीत बसून वर्षभर केलेला अभ्यास कोणी तपासणारच नव्हते. दहावीचे ४५ टक्के, पीयूसीच्या पहिल्या वर्षाचे ४५ टक्के आणि अंतर्गत गुणांचे १० टक्के धरून तुझा निकाल लागणार होता. त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून तू म्हणालीस, "मला कोणाशी तरी बोलायचे आहे, डॉक्टरांशी." आणि मी पोळी लाटता लाटता म्हणाले, "वेळेवर जेव आणि वेळेवर झोप, सगळे ठीक होईल." आपल्याकडे माणसाचे डोके जरा बिघडले असे वाटले, की "याला धारवाडला नेऊन ठेवा" असे म्हणतात, लहानपणापासून ऐकलेला तो शब्द त्या क्षणी माझ्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला. धारवाडची ती संस्था माणसे बरी करण्यासाठी आहे, हे शिकल्यासवरल्या बाईला कळत नव्हते असे नाही. गल्लीत काय बोलतील, पुढे तुझे लग्न, असले विचार मी केले. मृणाल, त्याबद्दल मला क्षमा कर.

या महिन्यात युनिसेफचा अहवाल वाचला. मानसिक त्रासात इतरांची मदत घेणे चांगले, असे आपल्या देशातल्या १५ ते २४ वयाच्या मुलांपैकी १०० तल्या फक्त ४१ जणांना वाटते. २१ देशांची सरासरी मात्र ८३ आहे. मुले मागे का राहतात, याचे उत्तर मला आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर सापडले. त्याच पाहणीत सातांपैकी एकाने सांगितले, की आपल्याला वारंवार उदास वाटते किंवा कशातच रस वाटत नाही. मला तुमचा रेल्वेचा डबा आठवला. खानापूरहून बेळगावला पॅसेंजरने रोज कॉलेजला जाणाऱ्या तुम्ही सात जणी होतात, आणि मार्च २०२० मध्ये गाडी बंद पडली ती पडलीच. आम्ही तुम्हाला मोबाइल दिले, रिचार्ज करून दिले आणि शिक्षण चालू आहे असे मानले. पण मैत्रिणींच्या खांद्यावर डोके टेकून हसण्या-रडण्याचे ते वय घरात कोंडून गेले. तुमच्या वयात भावना उसळवणारा मेंदूचा भाग पुरता जागा झालेला असतो आणि त्यांना आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो, म्हणून झोप नियमित हवी, रात्री फोन उशाशी नको, आणि मन भरून आले की ते दाबून न टाकता त्याला नाव द्यावे, राग आहे की दुःख की भीती, हे आपल्याशी तरी स्पष्ट म्हणावे, म्हणजे...

वर्गात उभी असल्यासारखी मी बोलू लागले. हे मी तुला काय शिकवणार?

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, शाळा बंद असताना, विद्यागम योजनेत आम्ही देवळाच्या ओसरीत मुलांना शिकवत होतो, तेव्हा तू मदतीला आली होतीस. तिसरीतला तो दांडगा मुलगा सगळ्यांना मारत सुटायचा. मी त्याला खांबापाशी उभे केले होते. तू त्याच्याजवळ जाऊन बसलीस आणि विचारलेस, "तुझा राग कुठे आहे रे?" तो म्हणाला, "पोटात." तू त्याला पोटावर हात ठेवायला लावलास आणि दोघे मिळून सावकाश श्वास सोडत बसलात. कितीतरी वेळाने तो म्हणाला, "गेला." इतक्या वर्षांत मी एकाही मुलाला असे विचारले नव्हते. त्या दिवशी घरी येताना मला तुझा फार अभिमान वाटला आणि तो मी बाबांना सांगितला, तुला नाही. मे महिन्यात स्क्रू ड्रायव्हर उचलण्याऐवजी मी तुझ्याशेजारी बसून तेवढेच विचारायला हवे होते.

कोल्हापुरात तू डॉक्टरांना दाखव. बाबांशी बोलणे झाले आहे, पैशांचा विचार करू नकोस; आणि मी बरोबर यावे की नाही, हे तू ठरव. कुंद्याच्या डब्यात एक चिठ्ठी आहे, तिच्यावर सरकारच्या मानसिक आरोग्याच्या 'किरण' हेल्पलाइनचा क्रमांक लिहिला आहे. तिथे मराठीत बोलता येते, कन्नडमध्येही. डबा उघडला नसशील तर उघड.

रात्री दार लावून झोपलीस तरी चालेल. चालेल असे लिहिले खरे, पण लिहिताना हात थांबला. कडी अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. बाबा दोनदा म्हणाले, "दे, बसवून टाकतो," आणि दोन्ही वेळा माझ्याने ती देववली नाही. तू आलीस की दोघी मिळून काय ते ठरवू.

लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला आहे. यायचे ठरलेच, तर निघण्यापूर्वी तपासणी करून घे, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागतात. दादा मोटरसायकल घेऊन नाक्यापर्यंत येईल. नाही आलीस तरी मी रागावणार नाही. फक्त रात्री झोपताना मला एक मिस्ड कॉल दे, बोलायची गरज नाही; मी उचलणार नाही.

तुझी,
आई