यादीला मिनिटांचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवे वर्ष, परीक्षा किंवा सुट्ट्या असे काही निमित्त निघाले की वेळेच्या नियोजनावरचे लेख छापून येतात आणि सोबत एक तक्ता असतो. त्यात 'काम' आणि 'झाले/राहिले' असे दोनच रकाने. छापील नियोजन-डायऱ्यांतही बहुधा तेच. संध्याकाळी दहापैकी सहा कामांपुढे 'राहिले' असे लिहून माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळा होतो. पुष्कळदा दोष आळसाचा नसतो, बेरजेचा असतो. दिवसात मावणारच नाही एवढे काम यादीत लिहिलेले असते आणि ते मावत नाही हे दिसायला तक्त्यात जागाच नसते.

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी नोकरी धरा. आठ तास म्हणजे ४८० मिनिटे. जेवण आणि चहाची ५० वजा केली की ४३०. दोन बैठकांत ९० गेली, उरली ३४०. फोन, मेल आणि निरोपांत तासभर जातोच, म्हणजे २८०. यातला चौथा हिस्सा अचानक उपटणाऱ्या कामांसाठी राखायचा, म्हणजे आणखी ७० वजा. हातात राहिली २१० मिनिटे, जेमतेम साडेतीन तास. आता यादीतल्या प्रत्येक कामापुढे मिनिटे लिहून बेरीज करा. ती सहा तास निघाली, तर अडीच तासांचे काम आज होणार नाही हे सकाळी दहालाच ठरलेले आहे. त्यातले कोणते मागे ठेवायचे एवढेच आपल्या हातात असते. आपण ते ठरवले नाही तर दिवसच ठरवतो, आणि तो नेमके अवघड काम मागे ठेवतो. बेरीज जास्त आली की पहिली कात्री त्या राखीव ७० मिनिटांना लागते. ती लावू नये. अचानकची कामे काही यादी पाहून येत नाहीत.

मिनिटे लिहायला घेतली की दुसरी अडचण दिसते. अंदाज जवळपास नेहमीच कमी निघतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याला 'नियोजनाचा भ्रम' असे नाव दिले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात सरासरी ५५ हून अधिक दिवस लागले. कारण साधे आहे. अंदाज बांधताना आपण काम सुरळीत पार पडल्याचे चित्र डोळ्यांपुढे आणतो. मागच्या वेळी किती वेळ गेला होता, हे आठवत नाही. म्हणून 'किती लागेल?' असे विचारण्यापेक्षा 'गेल्या खेपेला किती लागला होता?' असे विचारावे.

अंदाज चुकण्याचे आणखी एक कारण म्हणजे यादीतले मोघम शब्द. 'अहवाल' एवढेच लिहिले तर त्याला मिनिटे लावणार कशी? ते असे फोडावे: गेल्या महिन्याचे आकडे मागवणे, १० मिनिटे. आकडे ताडून पाहणे, ४०. मसुदा लिहिणे, ६०. वरिष्ठांना दाखवून दुरुस्त्या करणे, ३०. एकूण १४० मिनिटे. शिवाय एक गोष्ट लक्षात येते, जी 'अहवाल' या एका शब्दात दडली होती: आकडे दुसऱ्याकडून यायचे आहेत. ते मागवण्याचे दहा मिनिटांचे काम आज सकाळी झाले नाही, तर उद्याचे १३० मिनिटांचे काम अडेल. दिवसाची सुरुवात सर्वांत अवघड कामाने करा असा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याआधी ज्यामुळे दुसऱ्या कोणाचे काम सुरू होते ते छोटे काम हातावेगळे करावे.

'तातडीचे' आणि 'महत्त्वाचे' अशी चार घरांची चौकट बहुतेक लेखांत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर दिली जाते. त्यांनी १९५४ च्या एका भाषणात या दोन शब्दांतला फरक सांगितला होता, तोही एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचे म्हणणे म्हणून. चौकट आखली ती पुढे इतरांनी. आठवड्याचा विचार करायला ती बरी आहे. रोजच्या रोज भरायला बसले की सगळी कामे पहिल्याच, म्हणजे तातडीच्या आणि महत्त्वाच्या, घरात येऊन पडतात. रोजच्यासाठी एक प्रश्न पुरतो: आज झाले नाही तर कोणाचे, काय आणि कधी अडेल? उत्तर सापडले नाही तर काम तातडीचे नाही. महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले काम घड्याळातली वेळ दिल्याशिवाय होत नाही. 'या आठवड्यात' असे न लिहिता 'बुधवारी ११ ते १२' असे लिहावे. अंतिम मुदत असलेल्या कामापुढे दोन तारखा हव्यात. महिन्याच्या ३१ तारखेचा अर्ज असेल तर २० तारखेच्या पानावर 'अर्ज सुरू' अशी नोंद पाहिजे. नुसती ३१ टिपली की ३० तारखेला धावपळ ठरलेलीच.

२५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती या पद्धतीचाही बराच गाजावाजा होतो. कंटाळवाण्या कामाला हात घालायला ती चांगली. पण ज्यात डोके गुंतायलाच पंधरा मिनिटे जातात, त्या लेखनाला किंवा हिशेबाला ५० मिनिटे द्यावीत. मधेच उठावे लागले तर उठण्यापूर्वी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवावी. 'रकाना ४ ची बेरीज जुळत नाही, तिसरी नोंद पाहणे' इतकी नेमकी. नाहीतर परत आल्यावर कुठे होतो हे शोधण्यातच वेळ जातो.

हे सगळे सल्ले ज्याला दार लावून बसता येते त्याच्यासाठी असतात, ही आमची मुख्य तक्रार. घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर सांभाळणाऱ्याला सलग दोन तास मिळत नाहीत. त्याला तासांचे वेळापत्रक देण्यात अर्थ नाही. त्याने दोन याद्या कराव्यात. एकीत मधेच सोडून उठता येणारी, दहा-दहा मिनिटांची कामे: फोन, बिल भरणे, कपड्यांच्या घड्या. दुसरीत सलग वेळ मागणारी कामे, आणि अशी दिवसाला एकच. ज्या तासाला दुसरे कोणी सांभाळायला असेल तो तास या दुसऱ्या यादीसाठी ठेवावा. तो घड्या घालण्यात गेला तर नुकसान मोठे. पहाटे पाचला उठण्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. प्रौढांना किमान सात तास झोप लागते, आणि रात्री अकराला आडवे होणाऱ्याला हा सल्ला झोपेतला एक तास तेवढा गमवायला सांगतो.

तीनदा पुढे ढकललेले काम चौथ्यांदा जसेच्या तसे लिहू नये. ते खोडावे, दुसऱ्याला द्यावे किंवा त्यातली पहिली पंधरा मिनिटे तेवढी लिहावीत.

आपल्या पुरवणीत पुन्हा तक्ता छापाल तेव्हा 'धरलेली मिनिटे' आणि 'लागलेली मिनिटे' असे दोन रकाने वाढवावेत, ही विनंती. दोन आठवडे ते भरले की दोन्हींच्या बेरजांचे गुणोत्तर काढता येते. धरलेली ६०० आणि लागलेली ९०० निघाली, तर तिसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक अंदाजाला दीडने गुणून मगच तो यादीत लिहावा.

आपले नियमित वाचक