बाटलीतलं पाणी ओतून देऊ नकोस

रेडिंग,
१२ मे

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

डॉर्चेस्टरजवळ घर घेतलंस, मागे मोकळी बाग आहे आणि तिथे रोजच्या पावसाची नोंद ठेवायची म्हणतोस, हे वाचून फार आनंद झाला. पावसाच्या नोंदींच्या दृष्टीने तो मुलूख मोठा नामांकित आहे. तुझ्या घराजवळच मार्टिन्सटाउन नावाचं गाव आहे. १८ जुलै १९५५ ला तिथे २७९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. सकाळी नऊ ते दुसऱ्या सकाळी नऊ अशा 'पावसाच्या दिवसा'चा ब्रिटनमधला तो उच्चांक अजून टिकून आहे. २०१५ च्या डिसेंबरात उत्तरेकडच्या होनिस्टर खिंडीत २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पडला खरा, पण ते २४ तास संध्याकाळी साडेसहाला संपले. दिवस कुठे सुरू होतो नि कुठे संपतो यावर इथे किती अवलंबून असतं, ते यावरून लक्षात येईल.

इंग्लंडचा पाऊस म्हणजे नुसती रिपरिप, असं आपल्या लोकांना वाटतं. दक्षिणेतला उन्हाळी पाऊस मात्र थेट आपल्या वळवाच्या जातीचा. स्पेनकडून तापलेली, दमट हवा वर सरकते, तिच्या डोक्यावर अटलांटिकची थंड हवा येते आणि दुपारनंतर ढग उभे राहतात. ते वाऱ्याबरोबर निघून गेले तर अर्ध्या तासात सगळं शांत. पण एकाच जागी एकामागून एक नवे ढग तयार होत राहिले, तर घात होतो. कॉर्नवॉलमधल्या बॉसकासलला १६ ऑगस्ट २००४ ला तसंच झालं. उत्तर किनाऱ्यालगत वारे एकमेकांना भिडत होते आणि ढगांची रांग तिथल्या तिथेच पुन्हा पुन्हा उगवत होती. जवळच्या ओटरहॅमच्या पर्जन्यमापकात २००.४ मिलिमीटर भरला. जवळच्या दहा मापकांपैकी चारांत मात्र तीन मिलिमीटरसुद्धा नव्हता. आपल्याकडे म्हणतात ना, बैलाचं एक शिंग ओलं आणि एक कोरडं, अगदी तसं. म्हणून तुझ्या बागेतलं मापक महत्त्वाचं. एखाद्या दिवशी त्या ढगाखाली तेवढं एकच मापक असेल.

आता मापकाचं. तांब्याचं, पाच इंची तोंडाचं 'स्नोडन' पद्धतीचं घे. वरच्या नरसाळ्यातून पाऊस आतल्या बाटलीत उतरतो, बाटली भरून वाहिली तर तिच्याभोवतीच्या डब्यात साठतो, आणि ते पाणी खुणा केलेल्या मोजनळीने मोजायचं. महाग आहे, पण एकदाच घ्यायचं आहे. जुनं मिळालं तरी चालेल, फक्त काठ तपासून घे. तोंडाचा व्यास तीन दिशांनी मोज, तिन्ही वेळा १२७ मिलिमीटर यायला हवा. व्यासात एक मिलिमीटरचा फरक पडला तर पावसात शेकडा दीडहून जास्त चूक होते, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या दिवशी दीड मिलिमीटर गेलाच. आतला डबा पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेव. सकाळी कागद ओला दिसला तर सांधा गळतोय, झाळून घे. स्नोडनचं नरसाळं खोल असतं, काठाखाली बरीच उंच सरळ भिंत असते. ही खोली मुद्दाम ठेवलेली आहे, कारण उथळ नरसाळ्यातून गारा उसळून बाहेर पडतात आणि जोराच्या सरीचे शिंतोडेही उडून जातात.

एवढा खर्च आत्ताच नको असेल, तर चार इंची पारदर्शक प्लॅस्टिकचं मापक घे. त्याची आतली नळी २५ मिलिमीटरला भरते, पुढचं पाणी बाहेरच्या नळकांड्यात साठतं आणि एकूण २८० मिलिमीटरपर्यंत मावतं. थंडीत गोठून तडकतं, तेव्हा हिवाळ्यात आतली नळी काढून ठेवायची.

जागा निवडताना घाई करू नकोस. मापकाचा खालचा भाग जमिनीत पुरायचा, काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि अगदी समतल असावा, काठावर आडवी पट्टी टेकवून दोन्ही दिशांनी स्पिरिट लेव्हल लाव. उंची तेवढीच का, तर त्याहून वर गेलं की वारा थेंब तोंडावरून पुढे पळवतो, आणि खाली आलं की जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत येतात. १८६० च्या दशकात विल्टशरमधल्या काल्नला आणि हॅम्पशरमधल्या स्ट्रॅटफील्ड टर्गिसला हौशी निरीक्षकांनी वेगवेगळ्या आकारांची, वेगवेगळ्या उंचीवरची मापकं शेजारी शेजारी लावून हे वर्षानुवर्षं तपासलं आहे. भोवती आखूड गवत हवं. फरशी, खडी, डेक काही नको. झाड, कुंपण, शेड यांच्यापासूनचं अंतर त्यांच्या काठावरच्या उंचीच्या किमान दुप्पट ठेव. शेजाऱ्याचं कुंपण काठापेक्षा दीड मीटर उंच असेल तर मापक त्यापासून तीन मीटर तरी लांब. उलट अगदी उघड्या माळावरही लावू नकोस, तिथे वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. आणि दर जूनमध्ये झाडं पुन्हा बघ, बागेत काही हललेलं नसलं तरी फांद्या वाढलेल्या असतात.

रोजचं वाचन सकाळी नऊला, पण ग्रिनिच वेळेनुसार. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे उन्हाळ्यात तुझ्या घड्याळात दहा वाजता. आपल्या माणसाकडून हमखास होणारी दुसरी चूक तारखेची. आपल्याकडे सकाळी साडेआठला वाचलेला पाऊस त्याच दिवसाच्या तारखेला लिहितात. २००५ च्या प्रलयात सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर हा आकडा २७ जुलैच्या सकाळचा, पाणी मात्र २६ तारखेचं. इथे नऊला वाचलेला आकडा आदल्या तारखेसमोर लिहायचा. मंगळवारी सकाळी वाचलंस की सोमवारची ओळ भरायची. हे एकदा चुकलं की महिनाभराची वही एक दिवस सरकते आणि शेजारच्या कुठल्याच मापकाशी जुळत नाही.

आता तू विचारलेला मुख्य प्रश्न, ढगफुटीसारखा पाऊस झाला तर काय करायचं.

विजा चमकत असताना मापकाकडे जायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ दे. घरातूनच वेळा टिपून ठेव: पहिला गडगडाट, पहिले थेंब, सर्वांत जोराची सर कधी ते कधी, गारा पडल्या का, पाऊस कधी थांबला. सगळ्या वेळा ग्रिनिचच्या. वादळ संपल्यावर बाहेर जाशील तेव्हा आधी नरसाळ्यात वाक. त्यात पाणी तुंबलेलं दिसलं, तर काडी घालून ढोसू नकोस. बहुतेक वेळा पानाचा देठ, कापलेल्या गवताचा बोळा किंवा पक्ष्याची विष्ठा भोकावर बसलेली असते. ती वरून अलगद उचल, पाणी सावकाश खाली उतरू दे आणि वहीत 'नरसाळं तुंबलं होतं' असं लिही. पाणी काठापर्यंत चढलं होतं की नाही, हेही लिही, कारण चढलं असेल तर तुझा आकडा 'किमान एवढा' असाच धरायचा.

गारा साचल्या असतील तर मोजनळीत नेमकं दहा मिलिमीटर कोमट पाणी घे, ते गारांवर ओत, त्या विरघळल्या की सगळं मोज आणि दहा वजा कर. सर्वांत मोठ्या गारेची रुंदी पट्टीने मोज. 'सुपारीएवढी' किंवा 'लिंबाएवढी' हे नंतर कुणाच्या कामाचं नाही.

मग बाटली काढायची. ती भरून वाहिली असेल तर उरलेलं पाणी आतल्या डब्यात असतं, घाईत ते लोक विसरतात. मोजनळीत एका वेळी दहा मिलिमीटरच मावतो, म्हणजे ८४ मिलिमीटर पाऊस झाला तर आठ भरलेल्या नळ्या आणि वर थोडं. चूक होते ती नळ्या मोजण्यात, आठ झाल्या की नऊ, ते आठवत नाही. म्हणून प्रत्येक नळी रिकामी करताना कागदावर एक रेघ ओढ, आणि पाणी गवतावर न टाकता स्वच्छ, कोरड्या बादलीत ओत. नळी डोळ्यांच्या पातळीत धरून पाण्याच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा भाग वाच. सगळं झालं की बादलीतलं पाणी पुन्हा पहिल्यापासून मोज. शक्य असेल तर दुसऱ्यांदा घरातल्या दुसऱ्या कुणाला मोजू दे, आणि तुझा आकडा आधी सांगू नकोस.

तिसरा ताळा वजनाचा. पाच इंची तोंडाच्या मापकात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १२.६७ मिलिलिटर पाणी, तेवढेच ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं निव्वळ वजन १०६४ ग्रॅम आलं तर पाऊस ८४.० मिलिमीटर. मोजलेला आकडा आणि वजनाचा आकडा जुळले की मगच पाणी टाकायचं. पन्नास मिलिमीटरच्या वर काही भरलं, तर मी म्हणेन दोन-तीन दिवस झाकणाच्या बरणीत तारीख लिहून ठेवच. मोठा आकडा आला की लोक शंका घेतात, आणि घ्यायलाच हवी. ओतून दिलेलं पाणी मात्र परत मोजता येत नाही.

पाऊस दुपारी झाला आणि तू संध्याकाळीच मोजलंस, तर ते पाणी त्याच बरणीत राहू दे, आकडा आणि वेळ लिही, रिकामी बाटली परत लाव. सकाळी नऊचा आकडा त्यात मिळवायचा. पूर येऊन मापकच पाण्यात गेलं किंवा भिजलेल्या मातीतून उचलून तिरपं झालं, तर अंदाजाने आकडा भरू नकोस, काय झालं ते लिही.

तू इलेक्ट्रॉनिक मापकाचंही विचारलं आहेस. त्यात सी-सॉसारखं झुलणारं दोन कप्प्यांचं भांडं असतं, ०.२ मिलिमीटर भरला की एक कप्पा कलतो आणि नोंद होते. मिनिटामिनिटाचा पाऊस कळतो, म्हणून ते जरूर लाव, पण तांब्याच्या मापकाच्या शेजारी. बर्कशरमधल्या मेडनहेडला १२ जुलै १९०१ ला एका तासात ९२ मिलिमीटर पडला. तसा पाऊस आज आला तर भांडं तासाला ४६० वेळा, म्हणजे पावणेआठ सेकंदांना एकदा कलेल. कलण्याच्या क्षणी वरून येणारी धार भरलेल्याच कप्प्यात पडते आणि मोजणीतून सुटते. त्यामुळे जितका जोराचा पाऊस, तितकं हे मापक कमी दाखवतं, आणि नेमकं याच दिवशी लोक त्याच्यावर भरवसा ठेवतात. म्हणून दिवसाची बेरीज तांब्याची आणि वेळेची वाटणी इलेक्ट्रॉनिकची धर. समज, तांब्यात ६१.४ भरला आणि यंत्र ५७.८ म्हणालं, तर यंत्राच्या आकड्यांना १.०६२ ने गुण. अशी वाटणी पुरेशी होते, जरी कमी मोजणी सगळ्या वेळी सारखी नसली तरी. फरक एकदम फार वाढला तर आत कोळ्याचं जाळं बघ. उन्हाळ्यात ते भांड्याखाली हटकून असतं.

वादळानंतर एक काम आणखी कर. गावात फिरून मोकळ्यावर राहिलेल्या बादल्या शोध. पावसाआधी रिकामी होती, वळचणीखाली नव्हती, भरून वाहिली नाही, एवढी खात्री मालकाकडून करून घे. बादलीच्या बाजू तिरप्या असतात, म्हणून आतल्या पाण्याची खोली मोजून उपयोग नाही. पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं, तोंडाच्या क्षेत्रफळाने भागायचं. तोंडाचा व्यास २८ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर. त्यात ४.३ लिटर निघालं तर सात सेंटिमीटरला किंचित कमी, म्हणजे सुमारे ७० मिलिमीटर. वादळाचा गाभा तुझ्या बागेत होता की मैलभर पुढे, हे अशा दोन-चार बादल्या सांगतात.

नोंदी पाठवण्यासाठी १९७० पासून चालू असलेली 'क्लायमेटॉलॉजिकल ऑब्झर्व्हर्स लिंक' ही मंडळी उत्तम. हौशी लोक, दरमहा सगळ्यांचे आकडे एकत्र छापतात. ही परंपरा फार जुनी आहे. जॉर्ज सायमन्स या गृहस्थांनी १८६० च्या नोंदी गोळा केल्या तेव्हा १६८ ठिकाणं होती, शतक संपेपर्यंत ती साडेतीन हजारांच्या घरात गेली. त्या हौशी निरीक्षकांचे हातांनी लिहिलेले ६६ हजार कागद २०२० च्या टाळेबंदीत रेडिंग विद्यापीठाच्या हाकेवरून १६ हजार स्वयंसेवकांनी सोळा दिवसांत संगणकावर उतरवले, आणि ब्रिटनच्या पावसाचा अधिकृत आलेख १८३६ पर्यंत मागे गेला. त्या कागदांच्या कडेला निरीक्षकांचे शेरेही आहेत. तूही शेऱ्यांचा रकाना रुंद ठेव.

कोरड्या दिवशी ०.० लिहायचं, जागा मोकळी सोडायची नाही. मोकळी जागा म्हणजे 'वाचलं नाही'. बाटलीत ०.०५ पेक्षा कमी असेल तर 'अंशमात्र'. गावाला गेलास तर परत आल्यावरचा आकडा 'तीन दिवसांचा एकत्र' असा लिही, आपल्या मनाने तीन दिवसांत वाटू नकोस.

खड्डा खणण्याआधी बागेचा कच्चा नकाशा काढून पाठव. कुंपण, शेड आणि ते सफरचंदाचं झाड, प्रत्येकाची उंची नि अंतर त्यावर टाक. जूनच्या आत बसवून टाकू. वहिनींना नमस्कार सांग, दुसऱ्यांदा मोजायचं काम त्यांच्याकडेच येणार आहे.

तुझा,
अविनाश