पिछाडी सांभाळणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

गॅलवेला नोकरी लागली आणि फेब्रुवारीपासून तू डब्लिनचा आपला डोंगरवाल्यांचा क्लब सोडणार, हे कळलं तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. तुला एकटीलाच पाठवता आलं असतं. पण दर वर्षी आपली कितीतरी मुलंमुली आयर्लंडमध्ये नव्यानं येतात आणि पहिल्याच नोव्हेंबरात पडदे ओढून खोलीत बसतात. त्यांनीही हे वाचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

तो पहिला नोव्हेंबर माझ्यासाठी फार जड होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली आणि ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत रात्र व्हायला लागली. आपल्याकडे पाऊस संपला की सह्याद्रीत भटकायचा हंगाम सुरू होतो. इथं मात्र हिवाळा म्हणजे डोंगर बंद, असंच मी धरून चालले होते. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तू भेटलीस, चार प्रश्न विचारलेस आणि म्हणालीस, "रविवारी सकाळी आठला तयार राहा, गाडीत एक जागा आहे." जीन्स घालायची नाही, हेही तेव्हाच बजावलंस. सुती कापड भिजलं की लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. तुझे जुने गेटर (बुटांवरून पोटरीवर चढवायची आवरणं), लोकरी टोपी आणि हातमोज्यांचा जादा जोड एका पिशवीत भरून आणलास. पेट्रोलचे पैसे मात्र सगळ्यांसारखे माझ्याकडूनही घेतलेस. त्यामुळे मी कुणाची पाहुणी नाही, क्लबातलीच एक आहे, असं पहिल्याच दिवशी वाटलं.

त्या दिवशी जाऊस डोंगरावर वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. उंची ७२५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मीही नाही. पण पायाखाली पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची दलदल, अंगावर आडवा पाऊस. लीडर पुढे होता, मी शेवटी, आणि माझ्याही मागे तू. मला वाटलं, माझ्या सोबतीसाठी थांबली असशील. नंतर कळलं की ते तुझं त्या दिवसाचं कामच होतं. पुढचा माणूस वाट दाखवतो आणि पिछाडीच्या माणसाच्या पुढे सगळे असतात, हा आपल्या क्लबचा नियम. कुंपण ओलांडलं की मोजणी, धुकं आलं की मोजणी.

पिछाडीच्या माणसाला काय काय पाहावं लागतं, ते तू मला हळूहळू शिकवलंस. कोण गप्प झालं, कोण उगाच चिडचिड करतंय, कुणाची जीभ अडखळतेय, कुणाला सॅकची चेन लावता येत नाहीये. थंडी शरीरात शिरल्याच्या या पहिल्या खुणा, आणि ज्याला त्या होतात त्याला स्वतःला त्या कळत नाहीत. आयर्लंडच्या डोंगरांवर बर्फ हिवाळाभर टिकत नाही. इथं घात करतो तो ओलावा आणि वारा. म्हणून तुझ्या सॅकमध्ये सगळा गट आत बसेल असा नारिंगी तंबूवजा निवारा कायम असतो. पाच माणसं त्यात गुडघ्याला गुडघा लावून बसली की काही मिनिटांत ऊब येते, हे मी त्यात बसल्यावरच मानलं.

लुग्नाक्विलाचा दिवस मला सविस्तर लिहायचा आहे. ९२५ मीटर, डब्लिनच्या दक्षिणेकडच्या विकलो परगण्यातला सर्वांत उंच डोंगर. आदल्या संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात नकाशा पसरून तू मला हिशोब करायला लावलास. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम: दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. ग्लेनमॅल्यूरच्या दरीतून जाऊन-येऊन १४ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ धरला, तर चार तासांच्या थोडं वर. मग तू त्यात दलदल, वारा, जेवण आणि गटातला सर्वांत सावकाश चालणारा माणूस मिळवलास, आणि आकडा सहाच्या पुढे गेला. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास डब्लिनकडे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चार वाजून दहा मिनिटांच्या आत मावळतो. "एक वाजता आपण जिथं असू तिथून मागे," असं तू कागदावर लिहिलंस.

एक वाजला तेव्हा माथा जवळ आला होता. ढग खाली उतरले होते आणि आपल्यातल्या एका आजोबांचा गुडघा बोलू लागला होता. लुग्नाक्विलाचा माथा म्हणजे सपाट माळ, ओळखीची खूण जवळजवळ नाही, आणि दोन बाजूंना नॉर्थ प्रिझन आणि साउथ प्रिझनचे कडे. तू घड्याळ पाहिलंस आणि सगळ्यांना वळवलंस. दोघंतिघं नाराज झाले, एकानं तसं बोलूनही दाखवलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस, आजोबांना एकदाही पुढे करून कारण सांगितलं नाहीस, आणि त्यांच्या मागे चालू लागलीस. गाडीपाशी पोचलो तेव्हा जेमतेम उजेड होता. माथा हुकल्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आज त्या निर्णयासाठी मी तुझी सर्वांत जास्त ऋणी आहे.

रात्रीच्या सरावाबद्दलही आभार. हेडटॉर्च विझवून, होकायंत्रावर दिशा धरून, दर शंभर मीटरला किती जोडपावलं (डावं-उजवं मिळून एक) पडतात ते मोजत चालायचं. संकटात शिट्टी मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं. फोन लागला तर ११२ किंवा ९९९, आणि माउंटन रेस्क्यू मागायचं. त्या पथकांतली माणसं स्वयंसेवक असतात. आपल्या नाताळच्या फेरीत टोपी फिरते ती त्यांच्यासाठी, हे तूच मला सांगितलंस.

ती नाताळची फेरी! वर्षातली सर्वांत छोटी आणि सर्वांत गोंगाटाची. लाल टोप्या, थर्मासमधली मसाले घातलेली गरम वाइन, सुक्या मेव्याचे मिन्स पाय, मग पबमध्ये जेवण. २६ डिसेंबरला, सेंट स्टीफन्स डेला, घरोघरचे पाहुणे घेऊन पुन्हा डोंगर. ज्यांना घरी नाताळ एकट्यानं काढावा लागतो, त्यांना तू आदल्या आठवड्यात आठवणीनं फोन करतेस. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगते, कारण मलाही तो फोन आला होता.

आणि ६ जानेवारी. आयरिश लोक या दिवसाला बायकांचा नाताळ म्हणतात. कॉर्क-केरीकडे ही चाल विशेष जिवंत: घरकाम पुरुषांवर टाकायचं आणि बायकांनी एकत्र बाहेर पडायचं. त्याच्या जवळच्या रविवारी तू ग्लेनडालोकच्या दरीत फक्त बायकांची फेरी ठेवलीस, स्पिंक नावाच्या कड्यावरच्या फळ्यांच्या वाटेवरून वरच्या तळ्याला वळसा घालून. ओल्या फळ्यांवर सत्तरीतल्या बायका माझ्यापेक्षा ठाम पावलं टाकत होत्या. खाणकामगारांच्या ओसाड वस्तीपाशी भिंतीच्या आडोशाला बसून त्यांनी आपापल्या आयांच्या गोष्टी सांगितल्या. मला आईच्या हळदीकुंकवाची आठवण झाली आणि मी रडले. कुणी कारण विचारलं नाही, चहाचा पेला मात्र पुढे आला.

पुढच्याच आठवड्यात संक्रांत होती. तू म्हणालीस, तिळगूळ कर आणि डोंगरावर घेऊन ये. तेव्हापासून दर जानेवारीत आपली आयरिश मंडळी लाडवांची चौकशी आधीपासूनच करतात.

ताई, क्लबात चांगले चालणारे पुष्कळ आहेत. पण वेग असूनही रविवारमागून रविवार स्वतःहून शेवटी चालणारी माणसं थोडी असतात. तू मला तशी मिळालीस, म्हणून मी या देशात रमले. मनापासून आभार.

गॅलवेहून ट्वेल्व्ह बेन्सची डोंगररांग जवळ पडेल. बेनबॉन तिथला सर्वांत उंच, ७२९ मीटर, पण गारगोटीचे उघडे खडक ओले झाले की निसरडे होतात, हे तुला मी सांगायला नको. तिथल्या क्लबाचं वेळापत्रक हाती आलं की कळव. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेंट ब्रिजिड्स डेची सुट्टी आहेच, त्या शनिवार-रविवारी मी बसनं येईन. नवा पत्ता तेवढा आधी पाठव, या वर्षीचा तिळगूळ पोस्टानं पुढे धाडते.

तुझी,
रविवारच्या गाडीतली मागच्या सीटवरची